समुद्रावरील हांक आणि ऐकणारा कान

ज्या बिनतारी विद्येमुळें घरोघर गाणीं आणि बातम्या ऐकूं येऊं लागल्या, तिचें खरें मोल जगाला प्रथम पटलें तें समुद्रावर. हांक मारण्याचें साधन माणसाला लवकर लाभलें. ऐकण्याची शिस्त मात्र त्याला प्राणांचें मोल देऊन शिकावी लागली.

१९०९ सालच्या जानेवारीच्या २३ तारखेस अमेरिकेजवळील नँटुकेट बेटापाशीं, दाट धुक्यांत, 'रिपब्लिक' या जहाजावर 'फ्लोरिडा' हें जहाज आदळलें. 'रिपब्लिक'वरील तारवाला जॅक बिन्स यानें मोडक्या खोलींत बसून मदतीचा संदेश पाठविला. तो ऐकून 'बाल्टिक' जहाज धांवून आलें आणि १,५०० हून अधिक लोक वांचले. बिनतारी यंत्राचा सर्वत्र जयजयकार झाला.

तीन वर्षांनीं त्याच यंत्राची दुसरी बाजू दिसली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं 'कॅलिफोर्नियन' हें जहाज बर्फामुळें थांबून राहिलें होतें. त्यावरील एकटा तारवाला सिरिल एव्हन्स यानें जवळच्या 'टायटॅनिक'ला तसें कळवूं पाहिलें. परंतु तेथील जॅक फिलिप्स उतारूंच्या तारा केप रेसकडे पाठविण्यांत गुंतला होता; त्यानें एव्हन्सला गप्प बसण्यास सांगितलें. थोड्या वेळानें एव्हन्स यंत्र बंद करून झोंपीं गेला. ११ वाजून ४० मिनिटांनीं 'टायटॅनिक' हिमनगावर आदळलें. त्याची हांक 'कार्पेथिया'ला पोंचली. कारण तेथील हॅरोल्ड कॉटम निजण्यासाठीं कपडे उतरीत असतांहि त्याच्या कानांवरचें यंत्र अजून निघालें नव्हतें. होड्यांतील सातशेंवर माणसें त्या जहाजानें उचललीं. सुमारें १,५०० माणसें मात्र बुडालीं.

यापुढें ऐकणें हें योगायोगावर सोडतां येईना. १९१४ सालच्या लंडन येथील करारांत मोठ्या जहाजांवर अखंड ऐकत राहण्याचें तत्त्व आलें. महायुद्धामुळें तो करार अमलांत आला नाहीं, तरी तत्त्व टिकलें. पुढें तारवाल्यांच्या घड्याळांवर लाल पाचरी रंगविलेल्या असत. प्रत्येक तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सर्वांनीं मौन पाळावयाचें आणि केवळ ऐकावयाचें, असा त्यांचा अर्थ होता. तोंडी हांकेसाठीं क्रॉयडन विमानतळावरील फ्रेडरिक मॉकफर्ड यानें 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून 'मेडे' हा शब्द सुचविला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनें तो मान्य केला.

१ फेब्रुवारी १९९९ पासून आंकडी संकेतांची नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणें अमलांत आली. आतां शिडाच्या लहानशा होडीवरहि व्हीएचएफ यंत्र असतें. त्याचें लाल बटन दाबतांच ७० व्या चॅनेलवरून होडीचा नऊ आंकडी क्रमांक जातो आणि स्थाननिदर्शक जोडलेला असल्यास ठिकाणहि कळतें. नंतर १६ व्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, तीन वेळां 'मेडे', मग होडीचें नांव, ठिकाण, संकटाचें स्वरूप आणि माणसांची संख्या सांगावयाची असते. या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात, म्हणून अँटेना डोलकाठीच्या टोकावर लावितात. परंतु डोलकाठी मोडली तर तीहि जाते, यास्तव हातांतील दुसरें यंत्र जवळ ठेवणें शहाणपणाचें. बंदरांत एक वॅटची शक्ति पुरते. २५ वॅट दूरच्या हांकेसाठीं राखावी.

सर्वांत मोठा धोका मात्र जुनाच आहे. बोलण्याचें बटन चुकून दाबलेलें राहिलें, किंवा १६ व्या चॅनेलवर गप्पा रंगल्या, तर दुसऱ्या कोणाची शेवटची हांक त्याखालीं दडपली जाते. म्हणून बोलण्यापूर्वीं क्षणभर ऐकावें, थोडक्यांत बोलावें, दुसऱ्या चॅनेलवर जावें आणि संवाद संपतांच पुन्हा १६ वर कान ठेवावा. लाल पाचरींचीं घड्याळें मागें पडलीं. त्यांनीं शिकविलेलें मौन मागें पडतां कामा नये.