भ्रमिष्ट वाटसरू : अटकेपासून घरापर्यंत

पुष्पिका गळालेली पोथी हातीं आली म्हणून संशोधक तिचा त्याग करीत नाहीं. अक्षराचें वळण, बोलीचे विशेष व ग्रामनामांचे उल्लेख यांवरून तो तिचें मूळ स्थान शोधतो. स्वतःचें नांवगांव सांगूं न शकणाऱ्या, रस्तोरस्तीं भटकणाऱ्या मनोरुग्णाविषयीं आपल्या कायद्यानें ही दृष्टि फार उशिरां स्वीकारली. त्या स्थित्यंतराचें हें टिपण.

१९१२ च्या 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट'च्या १३ व्या कलमानें असा मनुष्य भटकतांना आढळल्यास त्यास अटक करण्याचा अधिकार पोलीस अंमलदारास दिला होता. त्या कायद्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा १ एप्रिल १९९३ रोजीं अंमलांत आला. त्यांत 'अटक' जाऊन 'संरक्षण' आलें. परंतु पुढील वाट पूर्वीप्रमाणेंच मॅजिस्ट्रेटापुढून रुग्णालयाकडे जाई.

याच संधिकालांत, दिंडोशीच्या उत्तरेस असलेल्या बोरिवलींत, डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यानें १९८८ मध्यें 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' ही संस्था स्थापिली. रस्त्यावरील रुग्णास आणावें, औषधोपचार करावा, चित्त स्थिरावल्यावर त्याच्या बोलण्यांतील खुणांवरून गांवाचा माग काढावा आणि सोबत जाऊन त्यास आप्तांच्या स्वाधीन करावें, असा तेथील क्रम. २००६ मध्यें कर्जतनजीक संस्थेचें केंद्र उभें राहिलें. २०१८ मध्यें डॉ. भरत वाटवानी यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षीं, २९ मे रोजीं, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अंमलांत आला. त्याच्या १०० व्या कलमान्वयें बेघर वा भटकणारा रुग्ण आढळल्यास 'हरवलेली व्यक्ति' म्हणून खबर नोंदविणें व त्याच्या कुटुंबाचा शोध घेणें हें ठाणे-अंमलदाराचें कर्तव्य ठरलें. घर नाहीं किंवा घरचे स्वीकारीत नाहींत, एवढ्याच कारणास्तव कोणास रुग्णालयांत ठेवतां येणार नाहीं, असें १९ वें कलम सांगतें; आणि रुग्णालय व समाज यांमधील निवासांची तरतूद १८ व्या कलमांत आहे. जुना कायदा 'यास कोठें ठेवावें?' एवढेंच विचारी. नवा 'हा कोठला?' असें विचारतो.

तथापि येथें पोथीचा दृष्टांत संपतो. पोथीचें मूळ दप्तर सांपडलें कीं संशोधकाचें काम पुरें होतें; मनुष्याचें पुनर्वसन मात्र पत्ता सांपडल्यावर सुरू होतें. औषधांत खंड न पडणें, हातास कांहीं काम मिळणें आणि घरानें 'हा आमचा' म्हणणें, हें कोणत्याहि कलमानें आपोआप घडत नाहीं. तें गांवानें व घरानेंच सिद्धीस न्यावयाचें आहे.