कॅमेरा चालू होतो, पण फोटो निघत नाही

चवथ जवळ आली की मंडळाकडे हा प्रश्न हमखास येतो. घरातला छोटा डिजिटल कॅमेरा किंवा मुलाने नवीन घेतलेला डीएसएलआर बाहेर काढला जातो, बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही. माटोळी बांधलेली असते, आरतीची वेळ झालेली असते. दीड दिवसाचा गणपती असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन, आणि मग माटोळीही उतरते. कांगले, माट्टी, तोरिंग ज्या क्रमाने त्या वर्षी बांधले, ते पुन्हा तसेच बांधले जात नाही. बांधणारे हातही पुढच्या वर्षी तेच असतील असे नाही. म्हणून कॅमेरा बंद पडल्यास काय पाहावे, ते येथे क्रमाने देत आहोत. बहुतेक वेळा कॅमेरा बिघडलेला नसतोच.

आधी एक सूचना

कॅमेरा अडला की घाईत ‘फॉरमॅट’ करू नका. आमच्या एका स्वयंसेवकाने कार्यक्रमाच्या मध्येच असे केले आणि त्याच कार्डावरचे सकाळचे सगळे फोटो गेले. अडचण फक्त कार्डाच्या बाजूच्या बारीक खटक्याची होती. कार्डावरचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय फॉरमॅटला हात लावायचा नाही.

१. बॅटरी

पडदा उजळतो म्हणजे बॅटरी ठीक आहे, असे समजू नका. पडद्याला थोडी वीज पुरते. लेन्स हलवणे, शटर उघडणे आणि फ्लॅश भरणे यांना जास्त लागते. बॅटरी पूर्ण चार्ज करून पाहा. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साधे स्वस्त सेल फार लवकर उतरतात, १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल वापरावेत. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. सेलची आणि कॅमेऱ्यातली धातूची टोके कोरड्या सुती कपड्याने पुसा. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांवर थर बसतो. बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करू नका, वापरूही नका.

त्यानंतर कॅमेरा बंद करून बॅटरी आणि कार्ड दोन्ही काढा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि परत बसवा. अडकलेला कॅमेरा एवढ्यानेही पुष्कळदा मार्गी लागतो.

२. कार्ड

पडद्यावर कुलपाचे चिन्ह दिसले तर कार्ड बाहेर काढा. लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे धरल्यास डाव्या कडेला खटका दिसेल. तो खाली असेल तर कार्ड बंद, वर सरकवला की खुले. कार्ड घालताना तो कधीकधी आपोआप सरकतो.

कार्ड भरले आहे का, तेही पाहा. जुन्या कॅमेऱ्यात नवे मोठे कार्ड चालेलच असे नाही. साधे एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचे, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंतचे आणि त्यापुढचे एसडीएक्ससी. कॅमेरा ज्या काळातला, त्या काळातले किंवा त्याआधीच्या प्रकारचे कार्ड त्याला वाचता येते. मोबाइलचे छोटे कार्ड अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरत असाल तर अ‍ॅडॉप्टर बदलून पाहा.

उलट प्रकारही होतो. काही कॅमेरे कार्ड नसतानाही बटण दाबू देतात, फोटो क्षणभर दाखवतातही, पण साठवत नाहीत. कार्ड संगणकातच राहिले नाही ना, याची खात्री करा.

३. फोकस

हे सर्वांत नेहमीचे कारण, आणि नवशिक्याच्या लक्षात सर्वांत उशिरा येणारे. कॅमेऱ्याला फोकस मिळाला नाही तर अनेक कॅमेरे शटर सोडतच नाहीत. बटण आधी अर्धे दाबा. फोकस मिळाला की हिरवा दिवा किंवा चौकट स्थिर होते, बहुधा ‘बीप’ असा आवाजही येतो. मग तेच बटण पूर्ण दाबा. एकदम जोरात दाबल्यास कॅमेऱ्याला सवडच मिळत नाही.

हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर तीन गोष्टी पाहा.

पहिली, अंतर. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असते. त्याच्या आत फोकस होत नाही. दोन पावले मागे सरा. छोट्या कॅमेऱ्यात जवळच्या वस्तूसाठी फुलाचे चिन्ह असलेला मॅक्रो प्रकार असतो, तो निवडा.

दुसरी, उजेड. देवघरात समईचा मंद प्रकाश असतो आणि मागे एकरंगी भिंत. कॅमेरा फोकससाठी उजेड-अंधाराची स्पष्ट कड शोधतो, ती त्याला सापडत नाही. अशा वेळी मूर्तीच्या मुकुटाची कड किंवा माटोळीतल्या नारळाची बाह्यरेषा मध्यभागी धरा, अर्धे बटण दाबून ठेवा, हवी तशी चौकट जुळवा आणि मग पूर्ण दाबा. तेवढ्यापुरता खोलीतला दिवा लावला तरी चालते. रात्री मांडावर धालोंचे फोटो घेतानाही हीच युक्ती उपयोगी पडते.

तिसरी, लेन्सवरचा खटका. डीएसएलआरच्या लेन्सवर ‘एएफ’ आणि ‘एमएफ’ असा खटका असतो. ‘एएफ’ म्हणजे कॅमेरा फोकस करणार, ‘एमएफ’ म्हणजे आपण हाताने. काहीच जमत नसेल तर ‘एमएफ’वर नेऊन रिंग फिरवा, फोकस मिळाला की नाही याची वाट न पाहता शटर सुटेल. आणि लेन्सचे झाकण काढले आहे ना, तेही पाहा. हसू नका, हे आमच्याकडूनही झाले आहे.

४. चुकून बदललेली सेटिंग

कॅमेरा फोटो पाहण्याच्या किंवा व्हिडिओच्या स्थितीत नाही ना? सेल्फ-टायमर लागला असेल तर बटण दाबल्यावर १० सेकंदांनी फोटो निघतो आणि आपण तोवर कॅमेरा खाली ठेवलेला असतो. फ्लॅश उघडा असेल तर तो भरेपर्यंत काही कॅमेरे थांबतात. बॅटरी उतरलेली असली की हे थांबणे लांबते. कार्डाचा दिवा लुकलुकत असेल तर फोटो लिहिला जात आहे. त्या वेळी कार्ड काढू नका. काहीच कळेना झाले तर मेनूमधून सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणा. त्याने फोटो जात नाहीत.

५. लेन्स

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ती ‘टक्’ आवाज होईपर्यंत फिरवून बसवा. कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘एरर ०१’ आले तर लेन्स आणि कॅमेरा यांचा संपर्क नीट होत नाही. सोनेरी टोके कोरड्या मऊ कपड्याने पुसा. ‘एरर ०२’ कार्डाविषयी असते. निकॉनवर जुनी लेन्स लावून ‘एफईई’ दिसले तर तिची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर आणा.

छोट्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धवट बाहेर अडकली तर बहुधा वाळूचा कण कारण असतो. किनाऱ्यावरून किंवा शिगम्याच्या गुलालातून आलेल्या कॅमेऱ्यात हे होते. कॅमेरा उलटा धरून हवेच्या रबरी पंपाने कण उडवा. तोंडाने फुंकू नका, लेन्स हाताने ओढू नका.

६. दमट हवा

एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरते. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास थांबा. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा आहेत. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा.

फोटो पुसले गेले तर

त्या कार्डावर आणखी एकही फोटो घेऊ नका. पुसलेला फोटो बहुधा कार्डावरच असतो, त्याची जागा फक्त ‘रिकामी’ मानलेली असते. नवा फोटो त्यावर बसला की जुना कायमचा गेला. कार्ड काढून ‘फोटोरेक’सारख्या मोफत प्रोग्रामने संगणकावर शोध घ्या आणि सापडलेले फोटो कार्डावर न ठेवता संगणकात साठवा.

दुरुस्तीला केव्हा न्यावा

पाण्यात पडलेला, आपटलेला किंवा वरचे सर्व करूनही न चालणारा कॅमेरा दुरुस्तीला द्या, पण कार्ड आधी काढून घ्या. पाण्यात पडला असल्यास तो चालू करून पाहू नका, लगेच बॅटरी काढा. कॅमेरा घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात.

चवथीच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करा, कार्ड रिकामे करा आणि देवघरातच एक फोटो घेऊन पाहा. आणि घेतलेल्या फोटोंबरोबर गाव, वर्ष आणि माटोळी बांधणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. वीस वर्षांनी घरातली मुले तेच आधी विचारतील.