दाब, धर, सोड

व्हील सिलेंडर बदलला, नवी होज बसवली, सगळे जोड आवळून झाले, तरी ब्रेकचं पेडल पायाखाली ओल्या पावासारखं दबतं. मिस्त्री न बघताच सांगतो, “लायनीत एअर आहे.” इंग्रजीत या कामाचं नाव ब्लीडिंग. पूर्वीचे वैद्य शीर तोडून रक्त वाहू देत, तसं गाडीच्या नळीतून तेल वाहू द्यायचं. आपल्या गॅरेजांत मात्र कोणी रक्ताची भाषा बोलत नाही; तिथे ‘एअर काढायची’ असते. मला हा शब्द जास्त नेमका वाटतो. वाहतं ते तेल, पण घालवायची असते ती हवा.

ब्रेक सळ्यांचे आणि तारांचे होते तोवर हे काम अस्तित्वातच नव्हतं. सळईत हवा कुठून शिरणार? त्या ब्रेकांचं दुखणं निराळं होतं. प्रत्येक चाकाची ओढ सारखी ठेवणं जिकिरीचं. एक चाक आधी धरे, दुसरं मागून, आणि गाडी एका अंगाला खेचली जाई. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडलं होतं. त्याचं द्रवांच्या समतोलावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापलं गेलं. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्याच तत्त्वावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. मोटारीच्या चारही चाकांना सारखा न्याय देणारी युक्ती इतकी जुनी होती.

ती चाकांपर्यंत नेली कॅलिफोर्नियाच्या माल्कम लॉकहीडने. आडनावाचं मूळ स्पेलिंग लोक चुकीचं वाचत, म्हणून ते उच्चाराप्रमाणे लिहिलं जाऊ लागलं. माल्कम आणि त्याचा भाऊ अ‍ॅलन विमानं बांधत. विमानांमुळे गाजलेलं लॉकहीड हे नाव याच घरातलं. द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट माल्कमला १९१७ मध्ये मिळालं. १९२१ साली जिमी मर्फीने ल मां इथली फ्रेंच ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्याच्या ड्यूसेनबर्गच्या चारही चाकांना असे ब्रेक होते आणि नळ्यांत पाणी-ग्लिसरीनचं मिश्रण होतं. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते आपल्या पहिल्याच गाडीत घातले. सुरुवातीच्या सिलेंडरांत चामड्याचे कप असत आणि ते झिरपत. क्रायस्लरच्या इंजिनियरांनी तिथे रबर आणलं. हेन्री फोर्डचा मात्र या द्रवावर भरवसा बसेना. त्याच्या गाड्या १९३९चं मॉडेल येईपर्यंत यांत्रिक ब्रेकांवरच होत्या.

त्याची शंका अगदीच अनाठायी नव्हती. द्रव दाब पोचवतो, कारण तो जवळजवळ आक्रसतच नाही. हवा आक्रसते. नळीत बुडबुडा असेल तर पायाचा जोर आधी त्याला चेपण्यात खर्ची पडतो आणि चाकाला उरलंसुरलं मिळतं. म्हणजे ज्या दिवशी ब्रेक द्रवाचा झाला, त्याच दिवशी हे हवा काढायचं काम त्याच्या पदरात पडलं.

आपल्याकडचा एक धागा थेट क्रायस्लरशी जुळतो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ जुळवल्या. पुढे फियाट आली आणि तिचीच पद्मिनी झाली. शाळकरी वयात मी हे काम शिकलो ते अशाच एका फियाटच्या सीटवर बसून. मिस्त्री मागच्या चाकाशी, मी पेडलवर. “दाब… दाब… दाब… धर!” “धरलंय, काका!” मग चाकाच्या सिलेंडरवरचं हवा सोडायचं निपल अर्धा फेरा सैल होई आणि पेडल पायाखालून जमिनीला जाई. पाय तिथेच रोवून ठेवायचा. निपल पुन्हा आवळल्यावरच “सोड” ऐकू येई. आधी सोडलं, तर बाहेर गेलेली हवा उलटी आत. एकदा माझा पाय लवकर उठला. ते रागावले नाहीत. मला खाली बोलावून त्यांनी निपलवरची पारदर्शक नळी दाखवली. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं होतं. पुढच्या वेळी पेडलवर ते बसले आणि मी बघत राहिलो: आधी सोड्यासारखा फेस, मग मोहरीएवढे सुटे बुडबुडे, मग काळपट तेलाची सलग धार.

सुरुवात मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलेंडरपासून, सगळ्यात लांबच्या चाकाने करायची. उजव्या स्टिअरिंगच्या त्या फियाटला ते मागचं डावं. शेवटी पुढचं उजवं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत दोन सर्किटं तिरपी विभागलेली असतात, तिथे कंपनीचा क्रम पाळावा. दर चार-पाच दाबांनी वरची टाकी भरत राहावं. ती तळाला गेली की सगळं पहिल्यापासून. बाटलीतलं तेल परत ओतू नये.

हवेचा आणखी एक भाऊबंद आहे, वाफ. नेहमीचं ब्रेक ऑइल वातावरणातलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. न्यूट्रलमध्ये, सतत ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याच्या गाडीत ते आतच उकळतं आणि ऐन वळणावर पेडल रिकामं जातं. तासाभराने थंड गाडी तपासावी तर सगळं ठीक. दोष दिसत नाही म्हणून तेल तसंच ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन वर्षांनी ते बदलावंच.

एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला आता बऱ्याचदा स्कॅनर जोडावा लागतो, आणि दाबाने तेल भरणारी यंत्रंही आली आहेत. तरी गेल्या महिन्यात माझ्या गाडीचं काम आटोपल्यावर तिथल्या तरुण मेकॅनिकने यंत्र बाजूला केलं, इंजिन बंद ठेवून सीटवर बसला आणि पेडल दाबून धरलं. ते दोन बोटं खाली गेलं आणि दगडासारखं थांबलं. पाय तसाच ठेवून त्याने मनात वीसपर्यंत मोजलं, आणि मगच किल्ली माझ्या हातात दिली.