लाला दीनदयाळांच्या चित्रांतील हैदराबाद

इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असताना १८७४ च्या सुमारास लाला दीनदयाळ यांनी छायाचित्रणास आरंभ केला. पुढे सहाव्या निजामांचा आश्रय लाभून ते हैदराबादेस स्थिरावले. चारमिनारच्या रस्त्याची त्यांची छायाचित्रे न्याहाळताना पत्थरगट्टीची कमानदार दगडी दुकाने कोठेच आढळत नाहीत. ती १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतरची. याहून बोलकी उणीव प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांची. त्या रस्त्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांना छायाचित्राची हौस नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. १८९२ साली दीनदयाळांनी पडदानशीन स्त्रियांसाठी उंच भिंतींआड स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि त्याची सारी व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली.