राग कागदावरचा

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी त्या दिवशी मीठमिरची घ्यायचं सोडून सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. दुकानं लुटली गेली, हे खरं. पण जमावाला हवे होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. कागद मिळाले की बाहेर आणून पेटवायचे. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागत नसे. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच घडलं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

कागदावरच एवढा राग का? १८५९च्या मुदतीच्या कायद्यानुसार रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली होती. हेतू बरा होता, व्याज साचू नये हा. सावकाराने त्यातून वेगळीच वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज लावायचं. कुळाला वाचता येत नसे. भरलेल्या रकमेची पावती नाही, काय लिहिलंय ते ठाऊक नाही, तरी निशाणी मात्र उठवायची! दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाला एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावलेलं आढळलं. दिवाणी कोर्टात पुरावा कागदाचा. कूळ तारखेला पोचलंच नाही की निकाल एकतर्फी, आणि मागोमाग जप्ती.

त्यात काळही फिरला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६०च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सावकाराचा हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास सरकारने इंदापूर, भीमथडी अशा तालुक्यांत शेतसारा भरमसाट वाढवला. सारा भरायला कर्ज हवं आणि कर्ज द्यायला कुणी नाही, अशी शेतकऱ्याची कोंडी झाली.

ठिणगी सुप्याच्या आधीच पडली होती. डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर लाकूडफाट्यासाठी पाडायला घेतलं. देशमुख म्हणजे गावातली मानाची असामी. त्यांचं घर डोळ्यांदेखत उतरवलं जातंय हे गावाच्या जिव्हारी लागलं. गावाने सावकारांना वाळीत टाकलं. न्हावी हजामत करीना, पाणी भरायला माणूस मिळेना, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. सावकारांनी शेवटी शिरूर गाठलं. कुणाला काठी न लावता गावाने लढाई जिंकली होती. मात्र गरीब कुळाचं झोपडं पाडलं असतं तर गाव असा एक झाला असता का, हा प्रश्न मनात येतोच.

दंगेखोरांचा न्यायही सर्वांना सारखा नव्हता. झळ बसली ती मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांना. गावातलेच ब्राह्मण सावकार बहुधा सुटले, व्याज तेही घेत असले तरी. परक्यावर राग काढणं सोपं असतं. सारा वाढवणारं सरकार तर दूरच राहिलं.

लष्कर आलं, शेकडो लोकांना अटक झाली, गावांवर जादा पोलीस बसले. तरी जाळलेल्या कागदांनी सरकारला हलवलं. १८७९मध्ये पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. रोख्यामागचा सगळा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला आणि दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिणं आवश्यक ठरलं. सावकारही गप्प बसले नाहीत. रोख्याऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले.

ही युक्ती अजून चालते. म्हणून महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्यात बेकायदा सावकारीपोटी गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असला तर. त्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा लागतो.