केवलादेव घना : म्हशी, गवत आणि दहा वर्षांच्या नोंदी

भरतपूर म्हटले की इतिहासाची आवड असणाऱ्या मराठी वाचकास प्रथम आठवतो तो सूरजमल जाट. १७६१ च्या पानिपतानंतर उपाशी, जखमी अवस्थेत परतणाऱ्या मराठी माणसांना त्याने अन्न आणि आसरा दिला. नोकरीनिमित्त दिल्लीत राहणारी आपली मंडळी मात्र भरतपूरला जातात ती हिवाळ्यातील एखाद्या रविवारी, केवलादेव घना उद्यानातील पक्षी पाहण्यासाठी. या सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या उद्यानात १९८० च्या दशकात एक प्रशासकीय निर्णय झाला आणि तो निर्णय बरोबर होता की नाही, हे नोंदींच्या आधारे तपासताही आले. आपल्याकडे असे फार थोड्या निर्णयांच्या बाबतीत घडते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

केवलादेवची पाणथळ ही निव्वळ निसर्गाची निर्मिती नव्हे. मूळचा सखल भाग; त्यात अजान बांधाचे पाणी पाटांनी आणून, आतमध्ये छोटे बांध घालून भरतपूर संस्थानाने तेथे बदकांच्या शिकारीची जागा तयार केली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा दगडावर कोरलेला आजही उद्यानात वाचावयास मिळतो. (योगायोग असा की १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस.) राजेलोकांची शिकार चालू असताना आसपासच्या गावांची गुरे आणि म्हशीही याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. बंदूक हिवाळ्यात काही दिवस येई. म्हैस रोज येई.

१९५६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले, १९८१ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आला. त्याबरोबर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पूर्ण ताकदीनिशी लागू झाला. त्याच्या ३५ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. व्याघ्रवन असो वा बदकांचे तळे, कायद्याच्या लेखी दोन्ही उद्यानेच. तज्ज्ञांचे मतही त्या वेळी बंदीला अनुकूल होते. सलीम अली स्वतः त्याच बाजूचे होते. गुरे म्हणजे वन्यजीवांचे प्रतिस्पर्धी, ही तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले.

मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या शास्त्रज्ञांनी व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये केवलादेवचा सविस्तर अभ्यास हाती घेतला होता. पाणी, वनस्पती, मासे, पक्षी, गुरे या सर्वांची वर्षानुवर्षे नोंद घेण्याचा हा उपक्रम. म्हणजे बंदी येण्याच्या दोन वर्षे आधीच मोजणी सुरू झालेली होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. एखादी योजना राबवल्यानंतर तिचे मूल्यमापन करण्यासाठी आम्ही समित्या नेमतो, आणि समितीचा पहिलाच प्रश्न असतो, ‘योजनेपूर्वीची स्थिती काय होती?’ उत्तर बहुधा फाइलमध्ये नसते. केवलादेवला ते होते.

घडले ते असे. पॅस्पॅलम डिस्टिकम नावाचे एक गवत उथळ पाण्यात पसरत जाते. म्हशी पाण्यात उतरून ते खात, तुडवत, आणि त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग मोकळा राही. म्हशी गेल्यावर गवताला आवर घालणारे कोणी उरले नाही. त्याचे दाट थर पाण्यावर पसरले, मोकळे पाणी आक्रसले, आणि ज्या बदकांना व माशांना मोकळे पाणी लागते त्यांची पंचाईत झाली. ज्यांच्यासाठी बंदी घातली, त्यांच्याच वाटेत ती आली. उद्यान प्रशासनाने बुलडोझर लावून गवत काढण्याचाही प्रयत्न केला. पण जे काम म्हशी फुकट करीत होत्या, ते यंत्राला पेलेना.

एका-दोन वर्षांत हे कोणाला कळले नसते. भरतपूरचा पाऊस लहरी आहे. १९८७ सारख्या दुष्काळात पक्षी घटले तर ते पाण्याअभावी की गवतामुळे, हे एका हंगामाच्या गणनेवरून सांगता येत नाही. ओली व कोरडी अशी दोन्ही प्रकारची वर्षे हाताशी असतील, तेव्हाच पावसाचा परिणाम आणि चराईबंदीचा परिणाम वेगळे काढता येतात. आमच्या सेवेत एका पदावर दोन-तीन वर्षे झाली की बदलीचा आदेश येतो. १९८२ मध्ये बंदी राबवणाऱ्यांपैकी १९९१ चा अहवाल आपल्या टेबलावर आलेला किती जणांनी पाहिला असेल?

त्या अहवालात म्हशींच्या चराईची या परिसंस्थेतील भूमिका स्पष्टपणे मांडली गेली आणि मर्यादित चराईस परवानगी देण्याची शिफारस झाली. सलीम अली १९८७ मध्येच निवर्तले होते. पण त्यांच्याच संस्थेने त्यांच्याच मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापला, ही गोष्ट मला पक्ष्यांच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. सगळाच दोष गवताच्या माथी मारणेही योग्य नव्हे. सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर येथे आले नाहीत, त्यामागे त्यांच्या प्रवासमार्गावरील शिकारीचा वाटा मोठा होता. पुढे पांचना धरणाच्या पाण्यावरून वाद झाला आणि पाणथळ कोरडी पडू लागली, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

शिफारशीचे काय झाले? कायद्यातील मनाई उठली नाही. एका उद्यानासाठी कायदा बदलावा, तर दुसऱ्या शंभर उद्यानांच्या सीमेवर उभे असलेले लोक तोच दाखला पुढे करतील, ही दिल्लीतील भीती मी समजू शकतो. टिपणी लिहिण्याची वेळ आली असती तर कदाचित मीही तीच लिहिली असती. मधला मार्ग निघाला तो असा, की गावकऱ्यांनी परवाना घेऊन आत यावे, विळ्याने गवत कापावे आणि भारे बाहेर न्यावेत.

सेवेतील पहिल्या काही वर्षांत मी केवलादेवला गेलो, तेव्हा फाटकाजवळ डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका रांगेने बाहेर पडत होत्या. सायकलरिक्षावाल्याने मला एक करकोचा दाखवला, मग त्या बायकांकडे बोट केले आणि म्हणाला, ‘साहेब, हे भिंतीपलीकडच्या म्हशींसाठी.’