मधुमेह व वजन-नियंत्रण (सोलापूर)
प्रकार 2 मधुमेहात आहार, औषध व तपासणी यांनी रक्तशर्करा आणि वजन आटोक्यात ठेवण्याची पद्धती. सोलापूर जिल्ह्यात तिचा विचार भाकरीपासूनच सुरू होतो. मालदांडी ज्वारी हे येथील मुख्य धान्य. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंतूंमुळे ज्वारीने साखर मैद्यापेक्षा सावकाश चढते. पण ‘ज्वारी कितीही चालते’ हा समज चुकीचा. 100 ग्रॅम धान्यात सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके असतात. कडक भाकरी पातळ, कुरकुरीत; त्यामुळे खाताना मोजदाद हमखास चुकते. शेंगाचटणीने साखर फारशी वाढत नाही, वजन मात्र वाढू शकते : 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे साडेपाचशे कॅलरी.

औषधांत सुरुवात बहुधा मेटफॉर्मिनने होते. त्याने वजन वाढत नाही. ग्लिमेपिराइड व इन्शुलिनने ते वाढू शकते, शिवाय उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने आषाढी एकादशीचा प्रश्न इथे नेहमीचाच : निर्जळी उपवासाने साखर घसरते, साबुदाण्याच्या खिचडीने उसळते. म्हणून औषधाची मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते. तपासणीत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप) साधारणपणे 7 टक्क्यांखाली ठेवतात. भारतीयांत शरीरभार निर्देशांक 23 पासूनच वजन जादा मानतात. तपासणी व उपचारांसाठी सोलापूर शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे.